'फुल स्क्रीन' बिघडते तेव्हा...

संगणकाचा संपूर्ण पडदा व्यापणारे सॉफ्टवेअर तयार करणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅमरच्या टेबलावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम ग्राहकाच्या यंत्रावर काळा पडदा दाखवतो, कोपऱ्यात अर्धाच उघडतो किंवा टास्कबारच्या मागे दडतो. हे दोष कोठून उद्भवतात आणि ते कोणत्या क्रमाने शोधावेत, याचा हा आढावा.

रुग्णालयातील क्रमांक दाखवणारा फलक, दुकानातील बिलाचे यंत्र, परीक्षा केंद्रातील प्रश्नपत्रिका, संग्रहालयातील माहितीचा पडदा आणि घरातील संगणकीय खेळ यांत एक गोष्ट समान असते. या साऱ्यांत सॉफ्टवेअर संपूर्ण पडद्याचा ताबा घेते आणि वापरणाऱ्याला त्या वेळी दुसरे काहीही दिसत नाही. त्यामुळे येथील दोष इतर दोषांपेक्षा अधिक जाचक ठरतो. साध्या खिडकीत चालणारा प्रोग्रॅम अडकला, तर ती खिडकी बाजूला सारून दुसरे काम करता येते. फुल स्क्रीन प्रोग्रॅम अडकला की संगणकच बंद पडल्यासारखा भासतो. वापरणारा अखेर वीजपुरवठा तोडतो आणि जतन न झालेली नोंद कायमची जाते.

एक नाव, तीन प्रकार

निदानातील पहिली अडचण शब्दाचीच आहे. 'फुल स्क्रीन' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे 'मॅक्सिमाइझ' केलेली खिडकी. ती टास्कबार सोडून उरलेली जागा व्यापते. दुसरी म्हणजे चौकट आणि शीर्षकपट्टी काढून टाकलेली, मॉनिटरच्या मापाची खिडकी. तिला 'बॉर्डरलेस' म्हणतात. तिसरा प्रकार 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणजे एकाधिकाराचा. यात प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डाकडून पडदा थेट मागून घेतो आणि हवे तर त्याचे रेझोल्युशनही बदलतो.

या प्रकारांमागे इतिहास आहे. आयबीएमने १९८७ मध्ये 'व्हीजीए' हे ग्राफिक्स मानक आणले, तेव्हा डॉसवर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम पडद्याचा एकमेव मालक असे. विंडोजने ही मालकी काढून घेतली आणि प्रत्येकाला एक खिडकी वाटून दिली. खेळांना लागणारा वेग त्यात मिळेना, म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये 'डायरेक्टएक्स' आणून एकाधिकाराची वाट पुन्हा मोकळी केली. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' आला. तो सर्व खिडक्यांची चित्रे एकत्र करून अंतिम पडदा रचतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो बंद करता येत नाही. विंडोज १० मध्ये तर 'फुल स्क्रीन ऑप्टिमायझेशन' नावाच्या सोयीमुळे एकाधिकार मागणारा जुना प्रोग्रॅमही बहुधा बॉर्डरलेस पद्धतीनेच चालवला जातो.

या स्थित्यंतराचा फटका भारतातील अनेक दुकानांना व पेढ्यांनाही बसला. फॉक्सप्रोत लिहिलेले डॉसचे हिशेबी प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवर पूर्ण पडद्यावर चालत असत. व्हिस्टाच्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर 'ही प्रणाली फुल स्क्रीनला पाठबळ देत नाही', अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. त्यामुळे 'डॉसबॉक्स'सारखी, जुन्या यंत्राची नक्कल करणारी सॉफ्टवेअर हाच तेथे व्यवहार्य मार्ग उरला.

तक्रार आली की आपला प्रोग्रॅम या तिघांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम ठरवावे. बरीचशी कारणे तेथेच गळून पडतात.

टास्कबार जागचा हलत नाही

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे पडद्याच्या तळाशी टास्कबार तसाच राहणे. विंडोज प्रत्येक मॉनिटरसाठी दोन मापे सांगते. एक संपूर्ण मॉनिटरचे, दुसरे टास्कबार वगळून उरणाऱ्या 'कार्यक्षेत्रा'चे. प्रोग्रॅमरने दुसरे माप घेतले की टास्कबार झाकला जात नाही. खिडकी मॉनिटर पूर्णपणे व्यापते आहे, असे दिसल्यावरच विंडोज टास्कबारला मागे पाठवते. चौकटीमुळे वा चुकीच्या आकडेमोडीमुळे एखादी कड उघडी राहिली, तर टास्कबार वरच राहू शकतो.

डॉटनेटच्या 'विंडोज फॉर्म्स' पद्धतीत क्रमाला महत्त्व आहे. खिडकी आधी मॅक्सिमाइझ करून मग चौकट काढली, तर ती आधीच्या कार्यक्षेत्राच्या मापातच राहते. आधी चौकट काढून मग मॅक्सिमाइझ करावे. खिडकी आधीच मॅक्सिमाइझ असेल, तर तिला क्षणभर मूळ आकारात आणून हा क्रम पाळावा.

विंडोजच्या मूळ प्रोग्रॅमिंगसाठी मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. खिडकीची सध्याची जागा लक्षात ठेवावी, तिची चौकट काढावी, ती ज्या मॉनिटरवर आहे त्याचे संपूर्ण माप विचारावे आणि तेवढ्या मापात तिला बसवावे. परतताना चौकट जोडून जुनी जागा बहाल करावी. यात रेझोल्युशन बदलत नाही, त्यामुळे पुढील बऱ्याच अडचणी टळतात.

पाऊण पडदा आणि धूसर अक्षरे

आजच्या लॅपटॉपवरील पुष्कळशा तक्रारींचे मूळ 'डीपीआय स्केलिंग'मध्ये असते. छोट्या पडद्यावर दाट पिक्सेल असल्याने अक्षरे बारीक दिसतात, म्हणून विंडोज सर्व काही १२५ किंवा १५० टक्के मोठे करते. ज्या प्रोग्रॅमने 'मला हे मोठे करणे समजते' असे जाहीर केलेले नाही, त्याला विंडोज खोटे माप सांगते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा पडदा १५० टक्क्यांवर असेल, तर अशा प्रोग्रॅमला तो १२८० गुणिले ७२० असल्याचे कळवले जाते. प्रोग्रॅम तेवढे चित्र काढतो आणि विंडोज ते ताणून मोठे करते. अक्षरे धूसर होतात ती यामुळे.

हा खोटेपणा सर्वत्र सारखा असता, तर केवळ धूसरपणावर निभावले असते. परंतु ग्राफिक्स कार्डाच्या रेझोल्युशनची यादी मागितल्यास खरे आकडे मिळतात आणि खिडकीचे माप मागितल्यास बदललेले. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही आकडे मिसळले की घोळ होतो. चित्र खऱ्या मापाचे आणि खिडकी खोट्या मापाची असेल, तर उजवा व खालचा भाग कापला जातो. उलट झाल्यास चित्र डाव्या-वरच्या कोपऱ्यात बसते आणि उरलेला पडदा काळा राहतो.

येथे मोजपट्टीच निदान करते. चित्राने व्यापलेली रुंदी पडद्याच्या दोनतृतीयांश असेल, तर स्केलिंग १५० टक्के आहे. ती चारपंचमांश असेल, तर १२५ टक्के. प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, म्हणजे 'लॉग'मध्ये, पडद्याचे माप १५३६ गुणिले ८६४ असे आढळले, तर शंकेला जागाच उरत नाही. १९२० आणि १०८० यांना सव्वाने भागल्यास हेच आकडे येतात.

यावर कायमचा उपाय म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या 'मॅनिफेस्ट' फाइलमध्ये डीपीआयची जाणीव जाहीर करणे. व्हिस्टापासून ही सोय आहे. प्रत्येक मॉनिटरचे वेगळे स्केलिंग ओळखण्याची सोय २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये आली आणि तिची सुधारित आवृत्ती २०१७ च्या विंडोज १० मधील १७०३ या आवृत्तीत. मात्र जाहीर करणे म्हणजे जबाबदारी घेणे होय. त्यानंतर अक्षरे, बटणे व चित्रे योग्य मापात काढणे हे प्रोग्रॅमचेच काम ठरते. व्हिज्युअल बेसिक ६ मधील जुन्या प्रोग्रॅममध्ये एका पिक्सेलला १५ 'ट्विप' असे गृहीत धरलेले सर्रास आढळते. हे गणित ९६ डीपीआयपुरतेच खरे आहे. १५० टक्क्यांवर, म्हणजे १४४ डीपीआयवर, एका पिक्सेलला १० ट्विप होतात.

ग्राहकाला तातडीने दिलासा द्यायचा असेल, तर प्रोग्रॅमच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'कंपॅटिबिलिटी' या भागात जाऊन उच्च डीपीआयचे वर्तन बदलून पाहता येते.

मराठी सॉफ्टवेअरला या दोषाची झळ अधिक लागते. रोमन अक्षर थोडे धूसर झाले तरी वाचता येते, पण देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरातील बारीक वळणे पुसट झाली की शब्दच बदलतो. शिवाय रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या चौकटीत वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. पडदा मोठा करून पाहताना मराठी मजकुराची चाचणी वेगळी घ्यावी, ती याच कारणाने.

काळा पडदा

'ऑल्ट' आणि 'टॅब' दाबून दुसरीकडे जावे, परत यावे आणि समोर काळोख असावा, हा एकाधिकाराच्या प्रकारातील जुना दोष आहे. प्रोग्रॅमच्या हातून पडदा गेला की ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत ठेवलेली त्याची चित्रेही जातात. डायरेक्ट थ्रीडीच्या नवव्या आवृत्तीत याला 'डिव्हाइस लॉस्ट' म्हणतात. परत आल्यावर प्रोग्रॅमने स्थिती तपासावी, कार्डाच्या स्मृतीतील आपल्या वस्तू आधी सोडून द्याव्यात, कार्ड नव्याने मागावे आणि वस्तू पुन्हा भराव्यात, अशी अपेक्षा असते. एकही वस्तू सोडायची राहिली, तर ही मागणी फेटाळली जाते आणि पडदा काळाच राहतो. 'कंट्रोल-ऑल्ट-डिलीट' किंवा व्हिस्टापासूनचा परवानगी मागणारा मंद पडदा आल्यावरही हेच घडू शकते. या प्रसंगांची चाचणी बहुधा राहून जाते.

नव्या आवृत्त्यांत नियम बदलले आहेत. खिडकीचे माप बदलले की मागच्या चित्रपटलाचे, म्हणजे 'बफर'चे, सर्व धरलेले संदर्भ सोडून त्याचे माप बदलावे लागते. प्रोग्रॅम बंद करण्यापूर्वी खिडकीच्या स्थितीत परतणेही आवश्यक असते. 'ऑल्ट' आणि 'एंटर' ही जोडी डायरेक्टएक्स आपणहून हाताळते. प्रोग्रॅमरनेही तीच जोडी हाताळली, तर दोन्ही आज्ञा एकमेकींना छेद देतात आणि पडदा लुकलुकतो. त्यातील एक बंद करावी.

काळ्या पडद्याचे आणखी एक कारण चित्रात नसून विलंबात असते. ग्राफिक्स कार्डाने नेमून दिलेल्या वेळेत, सामान्यतः २ सेकंदांत, उत्तर दिले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. याची नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सापडते.

दडलेला संदेश

काही वेळा प्रोग्रॅम बिघडलेला नसतोच. त्याने 'छपाईयंत्रात कागद नाही' असा संदेश दाखवलेला असतो आणि तो उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. परंतु मुख्य खिडकी 'सर्वांत वर' अशी बांधलेली असल्याने संदेश तिच्यामागे दडतो. खिडकीवर रांग लागलेली असते, कर्मचारी कळफलक बडवत असतो आणि पडदा निश्चल असतो. संदेशाची मालकी मुख्य खिडकीकडे सोपवली की तो तिच्या पुढे येतो. एवढ्या एका दुरुस्तीने 'संगणक लटकतो' या तक्रारी कमी होतात. 'क्यूटी' या साधनसंचात ओपनजीएलने पूर्ण पडदा व्यापल्यास मेनू व संवादचौकटी दिसेनाशा होण्याची अडचण नोंदलेली आहे. तेथे खिडकीला एका पिक्सेलची चौकट ठेवणे हा अधिकृत उपाय सुचवला आहे.

दुसरा मॉनिटर

विंडोज ९८ पासून एका संगणकाला अनेक मॉनिटर जोडता येतात. सर्व मॉनिटर मिळून एक विशाल पृष्ठभाग तयार होतो आणि मुख्य मॉनिटरचा डावा-वरचा कोपरा हा त्याचा शून्यबिंदू असतो. दुसरा मॉनिटर डावीकडे ठेवला, तर त्याचे आकडे ऋण होतात. ऋण आकडा चुकीचा मानून तो शून्य करणारे प्रोग्रॅम तेथे कधीच पोहोचत नाहीत. काही प्रोग्रॅम माऊसची जागा वाचताना धन-ऋण चिन्हच गाळतात. मग उणे १०० चे ६५४३६ होतात आणि टिचकी भलतीकडेच जाते.

खिडकीची शेवटची जागा जतन करून ठेवणारे सॉफ्टवेअर प्रोजेक्टर काढून घेतल्यावर अदृश्य मॉनिटरवर उघडते. उघडण्यापूर्वी ती जागा कोणत्या तरी मॉनिटरवर आहे का, हे तपासणे हा उपाय आहे. तोवर वापरणाऱ्याने विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून खिडकी परत आणावी.

ताणलेली चित्रे, न परतणारे रेझोल्युशन

१०२४ गुणिले ७६८ साठी रेखलेले चित्र १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर ताणले, की वर्तुळाचा लंबगोल होतो. प्रमाण राखून दोन्ही बाजूंना १७१ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या सोडणे अधिक प्रामाणिक ठरते. दूरचित्रवाणी संच मॉनिटर म्हणून जोडल्यास कडा कापल्या जाऊ शकतात. तो दोष प्रोग्रॅमचा नसून संचाच्या 'ओव्हरस्कॅन' या सेटिंगचा असतो.

मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' असे शब्द उमटले, तर मागितलेले रेझोल्युशन किंवा प्रतिसेकंद चित्रांचा वेग त्याला पेलत नाही, असा अर्थ होतो. १९९४ पासून 'ईडीआयडी' या मानकानुसार मॉनिटर आपली क्षमता संगणकाला कळवतो. प्रोग्रॅमने आकडे मनाने न ठरवता उपलब्ध यादीतूनच निवडावेत. रेझोल्युशन बदलताना ते तात्पुरते असल्याची खूण विंडोजला द्यावी, म्हणजे प्रोग्रॅम संपल्यावर मूळ स्थिती परत येते. लिनक्सच्या एक्स विंडो प्रणालीत प्रोग्रॅम मध्येच कोसळल्यास बदललेले रेझोल्युशन तसेच राहू शकते.

मॅक आणि लिनक्स

ॲपलने २०११ च्या 'लायन' आवृत्तीपासून फुल स्क्रीनसाठी वेगळे दालन दिले. दालनात जाताना व परतताना होणाऱ्या हालचालीला वेळ लागतो. ती पूर्ण होण्याआधीच माप विचारणाऱ्या प्रोग्रॅमला जुने आकडे मिळतात. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याची खाच आहे, तेव्हा मजकूर 'सुरक्षित क्षेत्रा'तच ठेवावा. लिनक्सवरील 'वेलँड' पद्धतीत तर प्रोग्रॅमला आपली जागा स्वतः ठरवताच येत नाही. तो केवळ विनंती करतो आणि अंतिम माप त्याला कळवले जाते. अनेक प्रणालींसाठी लिहिताना 'एसडीएल'सारख्या तयार साधनाचा आधार घेणे श्रेयस्कर. त्यातही डेस्कटॉपचे मूळ रेझोल्युशन कायम ठेवणारा पर्याय निवडावा.

शोध घेण्याचा क्रम

फुल स्क्रीन प्रोग्रॅममधील दोष शोधणे अवघड, कारण शोधण्याचे साधन त्याच पडद्यामागे झाकले जाते. विंडोज ९५ च्या काळात चित्रपटल कुलूपबंद असताना प्रोग्रॅम थांबवला, तर संगणकच गोठत असे. आज दोन मॉनिटर किंवा दुसऱ्या यंत्रावरून तपासणी हा मार्ग उपलब्ध आहे. तरीही पुढील क्रम पाळल्यास वेळ वाचतो.

१. प्रत्येक प्रोग्रॅमला खिडकीत चालण्याची सोय आरंभापासून ठेवावी. दोष खिडकीतही दिसला, तर तो फुल स्क्रीनचा नव्हे.

२. सुरू होताना मॉनिटरची संख्या, प्रत्येकाचे माप, स्थान, डीपीआय, ग्राफिक्स कार्ड व ड्रायव्हरची आवृत्ती लॉगमध्ये लिहावी. ग्राहकाकडून हे फोनवर विचारण्यात तास जातात आणि उत्तरेही चुकतात.

३. स्केलिंग १०० टक्के करून पाहावे. दोष गेला, तर कारण सापडले.

४. एकच मॉनिटर ठेवून पाहावे.

५. 'फुल स्क्रीन ऑप्टिमायझेशन' बंद करून पाहावे. कंपॅटिबिलिटीच्याच भागात ही सोय आहे.

६. ड्रायव्हर बदलून पाहावा. दोन ग्राफिक्स कार्डे असलेल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम कोणत्या कार्डावर चालतो, तेही तपासावे.

७. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम लिहून ठेवावा.

ड्रायव्हरचा क्रमांक सहावा आहे, हे लक्षणीय. व्यवहारात दोष त्याच्यावर सर्वप्रथम ढकलला जातो. पण स्वतःच्या प्रोग्रॅममधील मापांची सरमिसळ तपासल्याशिवाय ग्राहकाला ड्रायव्हर बदलायला सांगणे, म्हणजे त्याच्या चालत्या यंत्रात नवा धोका निर्माण करणे होय.

आणि एक नियम दोषनिवारणापलीकडचा आहे. पूर्ण पडदा घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेर पडण्याची कळ असलीच पाहिजे. ती 'एस्केप' असो वा 'एफ ११', तिची माहिती पडद्यावर सहज दिसावी. सार्वजनिक ठिकाणच्या यंत्रांत ती परवलीच्या शब्दामागे ठेवणे रास्त आहे, पण ती तेथील जबाबदार कर्मचाऱ्याला ठाऊक हवी. वापरणाऱ्याने आपला संपूर्ण पडदा सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केलेला असतो. तो केव्हाही परत घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहिला पाहिजे.